पेटीवर बसलेली मुलगी

छोंगछिंगच्या सिनेमावाल्यांचा एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच बहुधा कुणी मोडत नाही. कॅमेऱ्याच्या पेटीवर बाईने बसायचं नाही. पुरुषाने खुशाल बसावं, त्याच पेटीवर पाय पसरून जेवावं, वर डुलकीही काढावी, पेटीला काही होत नाही. बाई नुसती टेकली तरी म्हणे फोकस जातो, दिवे फुटतात, सिनेमा पडतो. शूटिंगच्या पहिल्या दिवशी उदबत्त्या लावून कॅमेऱ्यावरचं लाल कापड काढतात ना, तेव्हाच नव्या पोरींच्या कानात हे सांगून ठेवतात. आणि चुकून बसलीच कुणी, तर तिने सगळ्या युनिटसमोर कमरेत वाकून माफी मागायची आणि पुन्हा उदबत्त्या लावायच्या. झालं, कॅमेऱ्याचा राग गेला.

रान लीहुआला हे सगळं तोंडपाठ होतं. सतरा वर्षांपूर्वी ती कॅमेऱ्याच्या माणसांत आली तेव्हा तिथे दुसरी बाई औषधालाही नव्हती. काम फोकस धरायचं. नट पुढे आला, मागे गेला, वळला, की त्याच क्षणी हातातलं चाक तेवढंच फिरवायचं, म्हणजे पडद्यावर त्याचा चेहरा स्वच्छ दिसतो. जमलं तर कुणाला कळतसुद्धा नाही, आणि चुकलं की सगळं जग बोंबलतं. लीहुआला ते असं काही जमायचं की बाकीचे अंतर मोजायला टेप काढायचे आणि ही नुसती बघायची.

मग पोटात मूल राहिलं. त्याच्या बापाचं नाव इथे घेत नाही. त्याने स्वतःच ते कुठल्या कागदावर येऊ दिलं नाही, तर आपण कशाला उगाच त्याला मान द्यायचा? लीहुआने मुलगी एकटीने जन्माला घातली आणि आठ वर्षं ओळखपत्राचे फोटो काढायच्या दुकानात काढली. माणूस स्टुलावर बसायचा, हलायचा नाही, फोकसचा प्रश्नच नाही. तिचे हात तिथे नुसते कुजत होते.

एकटीने म्हटलं खरं, पण ते पुरतं खरं नाही. फू यालान होती. कॉलेजपासूनची मैत्रीण. इस्पितळात 'नातं काय?' विचारलं तेव्हा बेधडक 'सख्खी बहीण' म्हणून सही ठोकणारी. बाळंतपणानंतरचा महिनाभर आलं घालून कोंबडीचं सूप करणारी, आणि ते रोज करपवणारी. त्याच दिवसांवर यालानने सात वर्षं घासून घासून एक पटकथा लिहिली, पैसे घालणारे शोधले, आणि दिग्दर्शिका झाल्यावर युनिटच्या यादीत पहिलं नाव घातलं ते लीहुआचं. निर्माते म्हणाले, "आठ वर्षं घरी बसलेली बाई? हात गंजले असतील." यालान म्हणाली, मग मीही घरी बसते. शेवटी तडजोड झाली. लीहुआने एखादा मोठा शॉट बिघडवला, तर तिची जागा फेंगला. हा फेंग कॅमेऱ्याच्या ल्याओ उस्तादांचा चेला.

त्या शनिवारी शाळेला सुट्टी होती, आणि मुलीला सांभाळणाऱ्या शेजारच्या आजींच्या गुडघ्यांनी नेमका दगा दिला. म्हणून नानग्वा शूटिंगला आली. नानग्वा म्हणजे भोपळा. जन्मली तेव्हा गाल तसे होते, नाव चिकटलं. नदीकडे उतरणाऱ्या दोनशे पायऱ्यांच्या जिन्यावर काम चाललं होतं. पोरगी चार वेळा चढली-उतरली, पाय दुखले, आणि गणिताची वही काढून समोर दिसलं त्यावर बसली. ते होतं लेन्सच्या पेटीचं झाकण.

पहिल्यांदा एका दिवेवाल्याने पाहिलं. मग एकेकाचं बोलणं थांबत गेलं. ल्याओ उस्ताद स्वतः आले. साठीला टेकलेला माणूस, वाईट मुळीच नाही, सकाळीच नानग्वाला खिशातून तिळाच्या वड्या काढून दिल्या होत्या.

"ऊठ बाळ," ते हळूच म्हणाले. "या पेटीवर मुलींनी बसायचं नसतं."

"का?"

"कॅमेरा रुसतो."

नानग्वा उठली आणि तिने हात मागे नेऊन आपली पँट चाचपली. काय लागलंय तिथे, ते बघायला. लीहुआने ते पाहिलं आणि तिच्या काळजाचं पाणी झालं.

कारण हे तिच्या बाबतीत एकदा घडून गेलं होतं. तिचे वडील यांगत्सेवर मालाची होडी चालवायचे. सात वर्षांची असताना ती होडीच्या अगदी पुढच्या टोकावर जाऊन बसली, आणि त्याच आठवड्यात इंजिन जळालं. आजी एवढंच म्हणाली, "पोरगी बसली होती ना तिथे." वडील काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. तेलाची नळी फुटली होती हे लीहुआला पुढे मोठेपणी कळलं, पण कळून उपयोग काय? आजही होडीत ती मधोमधच बसते. आपल्या असण्याने चांगल्या गोष्टी नासतात हे मनात एकदा बसलं की उठत नाही. ते नानग्वाच्या मनात बसू द्यायचं नव्हतं. नोकरी गेली तरी बेहत्तर.

यालान मात्र तणतणत आली. "उस्ताद, आपण काय सिनेमा काढतोय ते तरी आठवतंय का? एकट्या आईचा. बाईचा. आणि इथे पोरीच्या बुडाला विटाळ?"

"सिनेमा बायकांचा आहे, बाई," ल्याओ शांतपणे म्हणाले. "कॅमेरा माझा आहे. माझी अठरा माणसं आहेत, त्यांची मनं बिथरली की हात बिथरतात."

"मग त्यांना—"

"थांब गं," लीहुआ म्हणाली. ती पुढे झाली. "उस्ताद, पेटी माझ्या ताब्यात होती. वाटेत ठेवली, लक्ष दिलं नाही, ही माझी चूक. त्याची माफी मागते." आणि ती वाकली. मग सरळ उभी राहिली. "पोर बसली त्याची मागणार नाही."

कुजबुज झाली. पण भांडायला सवड कुणाला होती? छोंगछिंगमध्ये ऊन म्हणजे पाहुणा, आणि तो आज चक्क जिन्यावर उतरला होता. फार तर पाऊण तास टिकला असता. नायिका संध्याकाळच्या विमानाने जाणार होती. माणसं आपापल्या जागी गेली. नानग्वा भिंतीला पाठ लावून उभी राहिली, दोन्ही हात मागे धरून, अगदी घट्ट.

शॉट लांबलचक होता. नायिका, म्हणजे पडद्यावरची लीहुआच की, तान्ह्या बाळाला घेऊन वरच्या पायरीवर उभी आहे. पाय उचलत नाहीये. खालून मैत्रीण हाक मारते, आणि मग ती उतरत उतरत थेट कॅमेऱ्याच्या पुढ्यात येते. लीहुआने पायऱ्या मोजून ठेवल्या होत्या, कुठे चाक किती फिरवायचं ते हाताला पढवून ठेवलं होतं. मैत्रीण काय म्हणते ते मात्र तिला ठाऊक नव्हतं. यालानने ते पान सकाळीच बदललं होतं.

"खाली येतेस, का मी वर येऊ?" पडद्यावरची मैत्रीण ओरडली.

लीहुआच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आठ वर्षांपूर्वी इस्पितळातून सुटून ती आपल्या घराच्या जिन्यात बाळाला घेऊन अशीच गोठली होती. वर आईबाप दार उघडत नव्हते, खाली कुणी नव्हतं. तेव्हा खालून यालानने हेच म्हटलं होतं, याच हेलात. आणि उत्तराची वाट न बघता, धापा टाकत वर आली होती.

टेक संपला. सगळे मॉनिटरवर वाकले. मधेच, क्षणभर, नायिकेचा चेहरा धुरकटला होता. अगदी थोडाच. पण पडद्यावर तेवढंही भिंतीएवढं होतं.

कुणीतरी मागून म्हणालं, "झालं ना शेवटी." आणि पंधरा-वीस माना एकदम भिंतीशी उभ्या असलेल्या पोरीकडे वळल्या. नानग्वाने मान खाली घातली.

ल्याओ उस्तादांनी लीहुआला बाजूला घेतलं. आवाज बापासारखा. "हे बघ पोरी. तुझा हात मला माहीत आहे. हा तुझा हात नव्हे, हे पेटीचं आहे. मी तसं सांगतो सगळ्यांना. उदबत्त्या लावू, पोरीला तेवढं चहाच्या दुकानात बसव, आणि पुन्हा घेऊ. तुझी नोकरीही राहील. फेंगबिंग काही नको."

काय सोन्यासारखी सवलत होती. नुसती मान हलवायची होती. यालानलाही ते ऐकू आलं, आणि एवढी तणतणणारी यालान, पण तिचे डोळे आता अक्षरशः विनवत होते: घे, बाई, घे. सिनेमा वाचेल, तू वाचशील, पोरीला मी रात्री आइस्क्रीम देऊन समजावीन.

लीहुआने मैत्रिणीकडे पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पेटीचा काही संबंध नाही. फोकस माझा चुकला."

"अगं," यालान म्हणाली.

"वरून तेराव्या पायरीवर. ती तेराव्यावर आली तेव्हा माझं चाक बाराव्यावरच होतं. संवाद ऐकून मला रडू आलं, हात अडला. चूक माझी आहे, माझ्या पोरीची नाही. कुणाला काही बघायचं असेल तर माझ्याकडे बघा."

"अट माहीत आहे ना?" ल्याओंनी विचारलं.

"माहीत आहे." तिने पट्ट्याने गळ्यात अडकवलेलं फोकसचं चाक काढलं आणि फेंगपुढे धरलं. आठ वर्षांनी मिळालेलं काम होतं ते. पण बाईने हात मागे घेतला नाही हो. लढाईबिढाई जिंकलेल्यांचे पुतळे असतात, या असल्या क्षणाचा कुणी पुतळा करत नाही, आणि करायला हवा.

फेंगने चाक घेतलं नाही. तो उस्तादांकडे बघत राहिला. उस्ताद मॉनिटरपाशी गेले, चित्र मागे नेलं आणि एकेक पायरी मोजत पुढे आणलं. दहा. अकरा. बारा. तेराव्या पायरीवर चेहरा धुरकटला. त्यांनी चित्र तिथेच थांबवलं.

"पस्तीस वर्षं मी फोकसवाले पाहतोय," ते शेवटी म्हणाले. "लेन्स खराब, उकाडा होता, नट चुकला, पेटीवर बाई बसली. हे सगळं ऐकलंय. माझं चुकलं, आणि तेही पायरीसकट, हे आज ऐकतोय." मग फेंगवर खेकसले, "तू काय बघतोस? जा, आपल्या कामाला लाग." आणि लीहुआला म्हणाले, "घाल गळ्यात. ऊन चाललंय."

"पोरगी इथेच राहील," लीहुआ म्हणाली.

"राहू दे. पण उदबत्ती मी लावणार."

"लावा की. माझ्या नावाने लावा."

दुसऱ्या वेळी ती पुन्हा रडली. पण या वेळी ते वाक्य येणार हे ठाऊक होतं. डोळे वाहत राहिले आणि हात आपलं काम करत राहिले. दहा, अकरा, बारा, तेरा. पडद्यावरची बाई पायऱ्या उतरून आली, आणि तिच्या पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका तो चेहरा स्वच्छ होता. यालानला 'कट' म्हणायचंसुद्धा सुचलं नाही, ते ल्याओंनीच म्हटलं. मग यालान येऊन लीहुआच्या खांद्याला नाक पुसत म्हणाली, "मघाशी मी घाबरले गं." लीहुआ म्हणाली, "दिसलं मला. सूप करपवतेस तेव्हाही असाच चेहरा असतो."

माणसं वायरी गुंडाळायला लागली, तेव्हा लीहुआ भिंतीपाशी गेली आणि लेकीसमोर उकिडवी बसली. नानग्वाचे हात अजून पाठीमागेच होते.

"आई, पहिल्यांदा बिघडलं ते..."

"माझ्यामुळे."

"माझ्यामुळे थोडंसुद्धा नाही?"

"थोडंसुद्धा नाही. आख्ख्या युनिटला सांगितलं ना मी."

नानग्वाने आईच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग तिने मागचे हात पुढे आणले, कमरेवर ठेवले आणि नाकाचा शेंडा लाल करून, दुपारपासून कोंडलेल्या सगळ्या आवाजाने आईला झापलं. "मग तू लक्ष द्यायला नको का? एवढे सगळे लोक थांबले तुझ्यासाठी. कामात असं रडतात का कुणी?"

"नाही रडत," लीहुआ म्हणाली. "चुकलंच माझं." इतकी गोड बोलणी तिने उभ्या आयुष्यात खाल्ली नव्हती.