तरण्या कातड्याला म्हातारी कवटी

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत, डांबरगोळ्यांच्या वासात, ताई एकोणीस वर्षं वटवाघळांच्या कवट्या मोजत होत्या. फळं खाणारी वटवाघळं; तोंड कुत्र्याचं, डोळे टपोरे. एक कवटी तीन वेगवेगळ्या दिवशी मोजायची आणि आधीचा आकडा झाकून ठेवायचा, हा त्यांचा नेम. हसणारे हसत. पण त्या नेमामुळेच गेल्या वर्षी कळलं, की एका नावाखाली ठेवलेल्या सत्तेचाळीस वटवाघळांतल्या अकरांची जातच निराळी आहे. मुस्कट आखूड आणि खालची शेवटची दाढ मुळातच नाही.

संग्रहालयाचे साहेब हरखले. नव्या जातीचा निबंध त्यांनी लिहूनही टाकला. आता अकरांतलं एक मानाचं वटवाघूळ तेवढं ठरवायचं होतं. नव्या जातीचं नाव त्यालाच चिकटणार, आणि पुढे जगात कुणालाही शंका आली तर तो त्याच्याशीच ताडून बघणार.

साहेबांनी निवडलं ते स्वतः तरुणपणी पकडलेलं.

ताईंनी त्याचा पंख दिव्यासमोर धरला. बोटांच्या सांध्यांतून उजेड झिरपत होता. म्हणजे हाडं अजून जुळायची होती, हे तर पोरसवदा जनावर! डबीतल्या कवटीचे दात मात्र झिजून सपाट झालेले.

"काका," त्यांनी कातडी भरणाऱ्या काकांना विचारलं, "साहेबांच्या तरुणपणी कवट्या कोण साफ करायचं?"

"मीच की. एका पातेल्यात पाच-पाच उकळायचो. जबड्याला चिठ्ठी बांधून."

"आणि दोरा सुटला तर?"

काका खाली बघू लागले. "अंदाजानं बांधायचो. तेव्हा मला चष्मा लागला होता, पण लग्न ठरायचं होतं, म्हणून लावत नव्हतो."

ताईंना हसू आलं, पण त्या तडक साहेबांकडे जाऊन सगळं सांगून आल्या. दुपारी साहेब स्वतःच खोलीत आले, हातात मोजणीचा तक्ता घेऊन.

"बाई, सही करा. छापायला जायचंय."

"नाही करणार, साहेब. कवटी नव्या जातीची आहे, पण कातडं दुसऱ्याच जनावराचं. कदाचित जुन्या जातीचंही असेल."

"कोण बघायला येतंय?"

"मी बघितलं ना." आवाज नेहमीइतकाच हळू होता. "अकरांतलं ते पेरूच्या बागेतलं घ्या. जाळ्यात अडकून मेलेलं. कवटी, कातडं, सगळं एकाच जनावराचं."

"माळ्यानं बुटाच्या खोक्यातून आणलेलं? माझ्या जातीला तेच मिळालं?"

"जात तुमची नाही, साहेब. माझीही नाही. ती होतीच, आपण उशिरा पोचलो."

साहेबांचे कान लाल झाले. "उद्यापासून तुम्ही शिंपल्यांच्या खोलीत."

"जाते. शिंपलेही तीनदा मोजीन."

ताईंनी शाईची दौत उघडली. संग्रहातली जुनी चिठ्ठी कुणी काढायची नाही. चूक सापडली तर सही-तारखेनिशी नवी जोडायची, हा तिथला कायदा साहेबांहून जुना होता. 'ही कवटी या कातड्याची नाही', असं लिहून त्यांनी सही केली.

"द्या इकडे," काका उठले. "पातेलं माझं होतं." वाकड्यातिकड्या अक्षरांत त्यांनीही सही केली, आणि ताईंनी चिठ्ठीची गाठ दोनदा आवळली.

साहेब बघतच राहिले. "हे काढा."

"कात्री तुमच्यासमोर आहे. कापा. पण का कापली ते लिहून खाली सही करा."

साहेबांचा हात कात्रीपर्यंत गेला आणि तिथंच थबकला.

"ते पेरूवालं," शेवटी ते भिंतीकडे बघत म्हणाले, "कुठल्या खणात आहे?"

"चौथ्या." ताईंनी टाक पुसला, आपला मोजमापाचा कॅलिपर पिशवीत टाकला आणि विचारलं, "आणि शिंपल्यांची खोली कुठल्या मजल्यावर?"