सगळेच पहिले!

मित्रांनो, माझ्या पोटात धूळ आहे आणि डोक्यात राग. मी एक जुना राउटर, इस्पितळाच्या जिन्याखाली मोडक्या चाकाच्या खुर्चीवर टाकून दिलेला. रडगाणं गायचा माझा स्वभाव नाही, पण आज बोलणारच.

कारखान्यातून आलो, तेव्हा नेटवर्क सांभाळणाऱ्या भाऊंनी मला भिंतीवर बसवलं. इस्पितळात येणारं इंटरनेट एक आणि खाणारी तोंडं अनेक. म्हणून भाऊंनी वाटे ठरवून दिले. स्कॅन विभाग पहिला, कारण तिथले फोटो दूरच्या मोठ्या डॉक्टरांना पाठवावे लागत. मग औषधं, मग हिशेब, आणि सगळ्यांत शेवटी साहेबांची केबिन. कित्येक वर्षं कुणाचं काही अडलं नाही. "गुणाचं पोर आहे," असं म्हणत भाऊ माझ्यावरून फडकं फिरवायचे.

मग सुरू झाली मेली वशिलेबाजी! हिशेबाच्या बाई आल्या. "भाऊ, आम्ही काय सावत्र आहोत? आम्हालाही पहिलं करा." केलं. औषधवाले रुसले, त्यांनाही केलं. साहेबांनी तर नुसती भुवई उंचावली. भाऊंना कुणाला 'नाही' म्हणताच येईना. भीड ही भिकेची बहीण, ती अशी! अहो, सगळेच पहिले म्हणजे कुणीच पहिलं नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

एका दुपारी झोक्यावरून पडलेली मुलगी आली. डोक्याला मार होता. मोठ्या डॉक्टरांनी फोटो पाहिल्याशिवाय शस्त्रक्रिया करता येणार नव्हती. स्कॅनच्या ताईंनी फोटो पाठवले, आणि त्याच वेळी साहेब केबिनमध्ये स्वतःच्या सत्काराचा व्हिडिओ बघत बसले होते. बाकीचे विभागही ओढतच होते. फोटो मुंगीच्या पावलांनी सरकू लागले.

"ताई, गेले का हो?" मुलीची आई दारातून पुन्हा पुन्हा विचारत होती.

मी आतल्या आत जळत होतो. कुणाला थांबवायचं हे मला दिसत होतं, पण हुकूम होता की सगळे सारखे.

शेवटी ताई माझ्याकडे धावत आल्या. भाऊ माझ्यापाशीच उभे होते. "भाऊ, आपली वायर कुठली?"

"ही," भाऊंनी बोट दाखवलं. ताईंनी शेजारच्या वायरीला हात घातला. "अहो ताई, ती साहेबांची..."

"साहेब गेले खड्ड्यात!"

स्कॅनची सोडून बाकी सगळ्या विभागांच्या वायरी त्यांनी उपटल्या. फोटो झरझर गेले. मुलगी वाचली.

दुसऱ्या दिवशी साहेब गरजले, "हा डबा म्हातारा झालाय, फेका." भाऊंनी मुकाट मला भिंतीवरून उतरवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

आता माझ्या जागी नवा आलाय, माझ्यापेक्षा जोरकस. काल जिन्यावर हिशेबाच्या बाई म्हणाल्या, "भाऊ, नव्यातही आम्ही पहिलेच ना?"

"केलंय, बाई," भाऊ म्हणाले.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, मला परत भिंतीवरही बसवू नका. फक्त त्या भाऊंना कुणीतरी 'नाही' म्हणायला शिकवा. त्या दारात उद्याही कुणाची तरी आई उभी राहणार आहे.