कॅमेरा बंद असताना

विष्णुपंतांची एक रीत होती. माहितीपट ज्या माणसावर असेल त्याच्या घरी जाऊन तो आधी त्याला दाखवायचा. तो म्हणेल तेवढं काढायचं, मगच इतरांनी बघायचा. तीस वर्षं त्यांनी नगर जिल्ह्यातल्या माणसांवर असे लहान लहान माहितीपट केले. या रीतीपायी दोन कायमचे कपाटात राहिले, पण त्याबद्दल त्यांनी कधी हळहळ केली नाही.

दिवाळीनंतर ते गेले. अर्धवट राहिलेला शेवटचा माहितीपट त्यांच्या मुलीने, भार्गवीने, चार महिने बसून जुळवला आणि एका दुपारी लॅपटॉप घेऊन ती कोल्हारला हाजराबींच्या घरी आली. आसपासच्या गावांतल्या मुसलमान बायकांच्या मयताला शेवटची अंघोळ घालण्याचं काम हाजराबी चाळीस वर्षं करत होत्या.

"एवढी म्हातारी दिसते व्हय गं मी?" पडद्याकडे बघत हाजराबी म्हणाल्या. "तुज्या बापाला सांगितलं हुतं, जरा लांबून घे."

"जवळूनच छान दिसता, चाची."

"बापावानीच गोड बोलती!"

आत त्यांची सून अफ्रीन चहा ठेवत होती.

पडद्यावर प्रवरेचा घाट आला, आणि त्यावर विष्णुपंतांचा आवाज. स्वतःचे प्रश्न ते नेहमी कापून टाकत. सगळ्या कामात त्यांचा आवाज कुठेच नव्हता. फक्त इथे होता. कॅमेरा बंद केल्यावर हाजराबींच्या पदराला लावलेला माईक तसाच चालू राहिला होता. भार्गवीला तो सव्वा मिनिटाचा आवाज सापडला तेव्हा ती ओक्साबोक्शी रडली होती. मग तिने तो जसाच्या तसा नदीच्या दृश्यावर बसवला.

"पुराच्या साली एक म्हातारी गेली, तिच्या दंडावर नाव गोंदलेलं हुतं," हाजराबींचा आवाज सांगत होता. "नवऱ्याचं न्हाई, दुसऱ्याच कुनाचं. मदतीला बाई हुती, तिला पानी आनाया धाडलं आन वर कापड टाकलं."

"हं," विष्णुपंतांचा आवाज आला. "आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"आज तुमाला. चुकलंच माजं."

हाजराबी जोरात खोकल्या. खोकता खोकताच त्यांनी लॅपटॉप मिटला.

"तवा क्यामेरा बंद हुता," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "पंतांनी माज्यासमोर बंद केल्ता."

"माईक राहिला होता, चाची. त्यांना माहीत नव्हतं. पण नाव कुठे घेतलंय तुम्ही? कुणाला कळणार?"

"गावाला कळंल. त्या साली हितं एकच म्हातारी गेली." त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. "आन ती पोरगी तिची नात हाय."

भार्गवीने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

"मयताच्या अंगावर जे बघितलं ते बघनाऱ्याच्या पोटात ऱ्हातं. अमानत हाय ती. म्या एकदा तोंड उघडलं, आता तू नगं उघडू."

"एवढा एकच आवाज आहे माझ्याकडे त्यांचा. मी कुणालाच ऐकवणार नाही, घरी ठेवीन."

हाजराबी रागावल्या नाहीत. "तुजा बाप असता तर त्यानं काय केलं असतं?"

उत्तर दोघींनाही ठाऊक होतं. भार्गवीने लॅपटॉप उघडला आणि तो तुकडा काढून टाकला.

"आनकी कुठं हाय?"

नाही म्हणणं सोपं होतं. हाजराबींना संगणकातलं काय कळणार? पण त्या वाट बघत होत्या. भार्गवीने फोन काढला आणि नगरला राजसला लावला. तो विष्णुपंतांच्या हाताखाली तयार झालेला संकलक.

"राजस, मोठ्या डिस्कवर घाटाचा आवाज आहे बघ. मूळ फाईल. पूस तो."

"ताई, त्यात सर बोलतायत."

"माहितीये."

"नक्की?"

"फोन चालू ठेवते. पुसला की सांग."

तिने फोन मोठ्या आवाजावर करून दोघींच्या मधे चटईवर ठेवला. अफ्रीन चहा घेऊन आली, कप ठेवून परत गेली. बऱ्याच वेळाने राजस म्हणाला, "झालं, ताई."

हाजराबींनी हात लांब करून भार्गवीचं मनगट धरलं. दोघी तशाच बसून राहिल्या.