लादलेली नाव

नाव आली ती सकाळी न्याहारीच्या वेळेला, आणि आली ती रिकामी. आत ना माणूस, ना काणूस. भादव्याच्या पुरानं पैनगंगा दोन्ही काठ धरून चालली होती. त्या गढूळ पाण्यातून बैलगाडी बैलांसकट मावेल एवढी लोखंडी पत्र्याची नाव गरगरत खाली आली, नदीच्या मधोमध बुडालेल्या बाभळीत तिचं नाक अडकलं आणि तिथंच ती हिसके देत राहिली.

बाबूसिंग नायकाचा अख्खा बंजारा तांडा काठावर धावला. सगळ्यांच्या पुढं पूनमसिंग, नायकाचा थोरला. तो नाही धावणार तर कोण धावणार? त्याची बायको जमनी बाळंतपणाला पलीकडच्या काठावर, माहेरच्या तांड्यात गेली ती तिकडंच अडकली. दीड महिन्यामागं मेहुण्यानं पलीकडून घसा फाडून निरोप दिला होता. पण नदीच्या आवाजात ‘झालं’ एवढंच ऐकू आलं. काय झालं ते पाण्यानं खाल्लं. पोरगा की पोरगी, हे सख्ख्या बापाला ठाऊक नव्हतं. आता काय म्हणावं ह्याला? तांड्याचा डोंगा गेल्या साली वाहून गेलेला. मधल्या ओढीतून पोहून पार जाणारा माणूस अजून जन्मला नव्हता, आणि गेला तरी बाळंतिणीला घेऊन परत कसा येणार? दसऱ्यापर्यंत नदी पायी ओलांडण्याइतकी उतरत नाही. आणि समोर, हाकेच्या अंतरावर, बेवारस नाव.

“देवानंच धाडली,” पूनमसिंग म्हणाला. “मले जमनीले आणाले धाडली.”

“देवानं धाडली असेल, पण पत्ता माझ्या पुलाचा टाकलाय.”

हे बोलले वामनराव ओव्हरसियर. माणूस यवतमाळचा, घराण्यात तीन पिढ्या कचेरीची नोकरी. दोन वर्षं ते ह्या नदीवर पूल बांधत होते. पोळा झाला, पाणी जरा ओसरलं, म्हणून परवा त्यांनी मधल्या गाळ्याचा स्लॅब ओतला आणि काल रात्री नदी पुन्हा चढली. ओला स्लॅब लाकडी टेकूंवर उभा होता आणि वामनरावांचा जीव त्या स्लॅबवर टांगलेला होता.

“बाभळीतून सुटली की ही सरळ टेकूंवर जाणार,” ते म्हणाले. “टेकू गेले की स्लॅब गेला, आणि पूल दोन वर्षं लांबला. आत्ता अडकलीय तोवर बुडवा तिला. असल्या नावेच्या तळाला बूच असतं. लोखंडी पान्यानं फिरवलं की पाच मिनिटांत तळाशी.”

“बुडवाले कायले पायजे, साहेब?” बाबूसिंग नायक पुढं आला. “आमच्यापाशी मोटेचा नाडा हाय. पोरगं जाऊन बांधते, आमी वीस जण वढतो. चांगली नाव कोनी पान्यात घालते काय?”

“आणि नाडा तुटला तर?”

“आमच्या अंबाडीचा हाय.”

“मी विचारलं, तुटला तर?”

पूनमसिंग तोवर अंगरखा काढून मोकळा झाला होता. “दोन्ही द्या मले,” तो म्हणाला. “नाडा बी द्या, पाना बी द्या.”

वामनरावांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. “मी लाल निशाण दाखवलं की बूच काढायचं. तिथं जाऊन विचार बदलायचा नाही. घे आण.”

“सेवाभायाची आण,” पूनमसिंगनं तांड्याच्या देवाचं नाव घेतलं. पाठीमागं त्याची याडी, म्हणजे आई, मानीबाई तोंडावर ओढणी घेऊन उभी होती.

वरच्या अंगानं दूर जाऊन त्यानं उडी घेतली. कमरेला नाड्याचं टोक, डोक्याच्या पागोट्यात पाना. पाण्याशी झोंबायचं नाही, तिरकं तिरकं सरकत जायचं. दोनदा दिसेनासा झाला, दोनदा वर आला. नावेची कड हाताला लागली तेव्हा काठावरून जी आरोळी उठली, ती पलीकडच्या तांड्यातही पोचली असणार, कारण तिकडच्या काठावरही माणसं जमायला लागली. बायकांच्या घोळक्यातली ती लाल ओढणी कोणाची? त्यानं डोळे ताणले, पण नाव उभं राहू देत नव्हती.

त्यानं नाडा कडीत बांधला. वीस जणांनी काठावरून जोर लावला. बाभूळ कडकडली, नाक सुटलं, नाव डुलत मोकळी झाली. “आली, आली,” म्हणेपर्यंत ओढीनं तिला आडवी धरली, नाडा तारेसारखा ताणला गेला आणि कडेच्या पत्र्यावर घासून मधोमध तुटला. काठावरचे वीसच्या वीस जण चिखलात पाठीवर पडले. नाव निघाली पुलाकडं.

लाल निशाण फडकलं.

पूनमसिंग तळाशी बसला. पाना बुचाला लावला आणि हात थांबला. एकदा हे फिरवलं की दसऱ्यापर्यंत जमनी नाही, लेकरू नाही. त्याला रडूच आलं. पण आण ती आण. शिवी हासडून त्यानं पाना फिरवला. मनगटाएवढी धार उसळून वर आली.

घोट्याएवढं पाणी झालं, पोटऱ्या बुडाल्या, तशी मघापासून उडणारी नाव जड झाली, पायाखाली स्थिर झाली. आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, हे तर लदेणीचं काम.

त्याचा आजा लदेणीवर होता. बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोणी लादून मुलूख पालथा घातलेला. तो सांगायचा, की नदी चढती असली म्हणजे मोकळा गोऱ्हा आधी वाहून जातो. लादलेल्या बैलाचे पाय तळाला टेकतात. म्हणून उताराशी आले की गोऱ्ह्याच्या पाठीवर दगडांची गोण घालायचे. आणि तो उतार, ती पाण्याखालची खडकाची तिरकी पट्टी, इथंच होती. पुलाच्या वर दोनशे हातांवर, पलीकडच्या काठाला जाऊन भिडलेली. हलकी नाव तिच्यावरून तरंगत गेली असती. लादलेली टेकली असती.

फक्त किती लादायची? कमी पडलं तर टेकूंवर. जास्त झालं तर उताराच्या अलीकडच्या डोहात, आपल्यासकट.

पाणी मांडीला आलं. काठावर वामनरावांनी निशाण खाली घेतलं. त्यांच्या लेखी काम झालं होतं. बाबूसिंग ओरडत होता, “उडी टाक, पूनम्या, उडी टाक!” पूनमसिंगनं टाकली नाही. नावेची कड पाण्यावर वीतभर उरली तेव्हा त्यानं पागोटं ओढून भोकात कोंबलं आणि वर टाच रोवून उभा राहिला. डोह गेला. पाणी कडेवरून आत शिंपडायला लागलं. आता नाही टेकली तर संपलं.

खर्रर्र.

नाव थरथरली, एक गिरकी घेऊन खडकावर घासली, पुन्हा उचलली गेली, पुन्हा घासली आणि पलीकडच्या बाजूला तिरकी होऊन गच्च बसली. पुलाचे टेकू खाली दोनशे हातांवर जागच्या जागी उभे होते. वामनरावांनी ते दोनदा मोजले.

घरच्या काठाला यायला वाट नव्हती. मधे सगळी ओढ. पलीकडं मात्र खडकावर छातीएवढंच पाणी होतं. पूनमसिंगनं तुटक्या नाड्याचं टोक खांद्यावर घेतलं, पावलापावलानं काठ गाठला, नाडा करंजाला तीन वेढे घालून बांधला आणि वळला तर समोर जमनी. छातीशी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी, आणि डोळे रागानं लाल.

“मी सारं पाह्यलं,” ती म्हणाली. “मले न्याची नाव, अन् तुमीच बुडवली? काहून?”

“बुडवली नाही वं,” तो धापा टाकत म्हणाला. “लादली. पूर उतरू दे दोन दिवस, पानी उपसतो अन् तुले राणीवानी बसवून नेतो. ते बूच असते ना, ते म्या...”

“बुचाचं मंग सांगा. पयले लेकराले घ्या. पोरगी हाय.”

त्यानं ती घेतली. पोरीनं एक डोळा उघडून बापाकडं पाहिलं आणि पुन्हा मिटला.

घरच्या काठावरून आरडाओरडा चालला होता, पण शब्द सगळे नदीत जात होते. बाबूसिंग काठाच्या टोकाशी येऊन हातवारे करत होता. नावेचं विचारत असेल, म्हणून पूनमसिंगनं नावेकडं बोट करून शाबूत असल्याची खूण केली. म्हातारा जोरजोरात मान हलवायला लागला. नाव नाही. त्यानं दोन्ही हातांची झोळी करून झुलवली, मग स्वतःच्या मिशीला पीळ दिला आणि तसाच ताटकळत उभा राहिला.

पूनमसिंगनं पोरीला जमनीकडं दिलं. मिशीसाठी मान हलवून नाही म्हटलं, आणि तांड्यातल्या बाया चुडा भरतात तसा एक हात दुसऱ्या हाताच्या मनगटापासून थेट खांद्यापर्यंत फिरवला.

त्या काठावर मानीबाईनं ओढणी कमरेला खोचली आणि भर चिखलात नाचायला सुरुवात केली.