खालच्या घराची विहीर

हातखंब्याच्या वरच्या अंगाला, कातळावर, मालिनी आगाशेंची पाणी तपासण्याची प्रयोगशाळा होती. सव्वीस वर्षं त्यांनी ती एकहाती उभी ठेवली. संगमेश्वरापासून भाट्यापर्यंतचे बागायतदार, शाळा, हॉटेलवाले त्यांच्याकडे पाण्याच्या बाटल्या आणून देत. त्यांचा शिक्का असला की कुणी पुढे विचारत नसे.

पाण्यातलं नायट्रेट मोजायला त्या कॅडमियमची नळी वापरत. काचेच्या नळीत या धातूचे दाणे भरलेले असत. पाणी त्यातून गाळलं की नायट्रेटचं नायट्राइट होई, मग त्यात औषध घालून रंग मोजायचा. कॅडमियम विषारी, म्हणून दाणे हाताळताना मालिनीताई न चुकता हातमोजे घालत. नळीतून उतरलेलं पाणी मात्र बेसिनमध्ये ओतलं जाई आणि ते मागच्या शोषखड्ड्यात जिरे.

सात वर्षांपूर्वी नम्रता नागवेकर एम.एस्सी. होऊन त्यांच्याकडे कामाला लागली. तिने एक नवी पद्धत शोधून आणली. त्यात कॅडमियमचं काम एक एन्झाइम करतं, वनस्पतींमध्ये असतं तसलंच, आणि मागे विषारी काही उरत नाही.

"मॅडम, चाळीस नमुने दोन्ही पद्धतींनी करून बघितले. आकडे जुळतायत." तिने फाइल टेबलावर ठेवली.

"ते एन्झाइम फ्रीजमध्ये ठेवावं लागतं ना? इथे दोन-दोन दिवस लाइट नसते."

"लहान इन्व्हर्टर लावू. पण मॅडम, आपलं बेसिनचं पाणी जातं कुठे? खाली गंगावहिनींची विहीर आहे. हा जांभा दगड सगळा सच्छिद्र."

"एवढ्याशा पाण्याने काय होतंय? मी हे तू शाळेत जायच्या आधीपासून करतेय."

नम्रताने आणखी दोनदा विषय काढला. दुसऱ्या वेळी मालिनीताई गिऱ्हाइकासमोरच तिला बोलल्या. त्या वर्षअखेरीस ती नोकरी सोडून चिपळूणला गेली. फाइल त्यांनी उघडूनही पाहिली नाही.

गंगावहिनी खालच्या घरात राहायच्या. नवरा मुंबईला गिरणीत होता, तो वारल्यावर त्या आणि सून मालन अशा दोघीच. दर दिवाळीनंतर त्या विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन वर यायच्या. मालिनीताई नायट्रेट, क्षार, जंतू तपासायच्या आणि कागदावर लिहून द्यायच्या, 'पिण्यास योग्य'. कॅडमियम त्यांनी कधी तपासलं नाही. त्याचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं, आणि ते तिथे असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

यंदा प्रयोगशाळेच्या मान्यतेच्या नूतनीकरणासाठी आसपासच्या पाण्यातले जड धातू बाहेरून तपासून आणायला सांगितलं गेलं. मालिनीताईंनी गंगावहिनींच्या विहिरीचा नमुना पुण्याला पाठवला. कॅडमियम मर्यादेच्या नऊपट निघालं. त्यांनी पुन्हा नमुना घेतला, या खेपेला स्वतः दोर सोडून. उत्तर तेच आलं.

त्याच दुपारी त्या खाली उतरल्या. गंगावहिनी पडवीत बसल्या होत्या. दोन वर्षांपासून त्यांचं मूत्रपिंडाचं औषध चालू होतं. हाडं दुखतात म्हणून काठी आली होती. सवयीने त्यांनी मालनला हाक मारली, "बाईंना पाणी आण गो."

"पाणी नको," मालिनीताई म्हणाल्या. "या विहिरीचं पाणी तुम्हीही पिऊ नका. आजपासूनच. माझ्या कामाचं विष तिच्यात उतरलंय."

त्यांनी सगळं सांगितलं, बेसिन, खड्डा, नम्रता सुद्धा. मालन तांब्या घेऊन दारातच थांबली.

गंगावहिनींनी विचारलं, "माझं दुखणं ह्याच्यानं हाय?"

"नक्की सांगता येत नाही. असू शकतं."

"तुमी लिवून दिलात म्हणून पिलू आमी. नायतर पावसात तरी उकळून पीत होतो."

उकळून हा धातू जात नाही, हे मालिनीताईंच्या ओठांवर आलं होतं. पण त्या उठल्या.

वर येऊन त्यांनी नम्रताला फोन केला. ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "मॅडम, मीही तेव्हा नोकरी सोडून मोकळी झाले. वहिनींना खाली जाऊन सांगायला हवं होतं मी."

"तुझ्यावर नको घेऊस. तू मला तीनदा सांगितलंस."

मालिनीताईंनी ग्रामपंचायतीला आणि प्रदूषण मंडळाला स्वतः लेखी कळवलं. प्रयोगशाळा चार महिने बंद राहिली. शोषखड्ड्याची माती पिंपांत भरून घातक कचऱ्याच्या गाडीने गेली, विहिरीवर लोखंडी झाकण बसलं, गंगावहिनींच्या घरी नळ आला. आता प्रयोगशाळेत नायट्रेट एन्झाइमनेच तपासतात. शनिवारी नम्रता येते आणि नव्या मुलींना शिकवते. लाइट जाते, पण इन्व्हर्टरवर फ्रीज चालतो. अडचण म्हणावी अशी एकही आली नाही. हेच मालिनीताईंना सर्वांत जास्त लागतं.

महिन्यातून एकदा त्या गंगावहिनींना आपल्या गाडीतून रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेतात. मालन पुढे बसते, गंगावहिनी मागे, खिडकीकडे तोंड करून. पहिल्या महिन्यात मालिनीताईंनी बोलायचा प्रयत्न केला होता. आता करत नाहीत. दवाखान्याशी उतरून त्या मागचं दार उघडतात आणि हात पुढे करतात. गंगावहिनी काठी टेकतात आणि आपल्या आपण उतरतात.