बोल्टची चौकट

प्रियदर्शनीनं ग्राइंडरचं पातं वडलांनी वेल्ड केलेल्या, गाडीच्या नव्या आर्मच्या जोडावर टेकवलं, तशा ठिणग्या पत्र्याच्या भिंतीवर जाऊन विझू लागल्या. ते जेवायला घरात गेले होते. ते ताटावरून उठायच्या आत हे उरकायचं होतं.

तुकडे वेगळे झाल्यावर तिनं एक उचलून दारातल्या उजेडात धरला. बाहेरून जोड देखणा होता, माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा. आत मात्र दोन पत्र्यांच्या मधे बारीक काळी रेघ होती. वितळलेलं लोखंड खाली उतरलंच नव्हतं, दुधावरच्या सायीसारखं वरच पसरून राहिलं होतं. आधीच्या आर्मचंही असंच झालं होतं.

तिनं तुकडे भंगाराच्या ढिगात खोल ढकलले. तेवढ्यात तातेराव टॉवेलला हात पुसत आले.

"काहून गं, कापला?"

"माझंच माप चुकलं, बाबा. बोल्टचं भोक सरकलं होतं."

"परत?" तातेराव हसले. बाहेर आपल्या ट्रॉलीच्या सावलीत तांड्यावरचा प्रेमदास बसला होता. त्याच्याकडं वळून ते म्हणाले, "ऐका प्रेमदास, डिप्लोमा केलेल्या पोरीचं माप चुकून राहिलं. मी दोरीनं मोजतो, तर माझं बराबर येतं."

"दोरी बी तुमचीच अन् पोरगी बी तुमचीच, मिस्त्री," प्रेमदास म्हणाला. "मंग चूक कोणाची?"

सगळे हसले. प्रियदर्शनीही हसली.

आखाडा बाळापूरच्या रस्त्यावर तातेरावांचं वेल्डिंगचं दुकान होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणं हा त्यांचा धंदा. दुकानाच्या कोपऱ्यात, चाकं काढून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली लहान गाडी प्रियदर्शनीची होती. भंगारात निघालेली ती जुनी हॅचबॅक तिनं आणली होती आणि अपघातात सापडलेल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन तिच्यात बसवायला घेतलं होतं. पण त्या इंजिनाचं वजन आणि जोर मूळच्या सांगाड्याला पेलणारा नव्हता. म्हणून इंजिनाखालची चौकट आणि चाकं धरून ठेवणारे आर्म तिनं कॉम्प्युटरवर नव्यानं आखले होते.

"शेळीच्या अंगात बैल घालून राहिली ही," तातेराव येईल त्याला सांगत. पण ते भाग बनवायला दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसत.

थंडीत तिनं त्यांना नकाशा वाचायला शिकवला होता. तुटक रेघ म्हणजे आडची, न दिसणारी कड, गोलातली फुली म्हणजे भोक, आणि जिथं बाण टेकला तिथं वेल्डिंगचा जोड. तातेराव कागदावर बोट ठेवून एकेक खूण मोठ्यानं म्हणत. चुकलं की ती काही सांगत नसे, नुसती थांबत असे. मग ते स्वतःच बोट मागं नेत. एकदा अख्खा कागद न अडखळता वाचून झाला, तेव्हा त्यांनी बायकोला हाक मारून परत वाचून दाखवला होता.

त्या दुपारी आई गोठ्यामागं भांडी घासत होती. प्रियदर्शनी तिच्याजवळ जाऊन बसली.

"आई, बाबांना कमी दिसतं का?"

आईचा हात थांबला नाही. "दिवाळीच्या आधी नांदेडला नेलतं. काचबिंदू म्हणले. गेली तेवढी नजर वापस येत न्हाई. थेंब टाकायचे, आहे ती टिकवायची."

"मला सांगितलं न्हाई."

"कोणालाच सांगू नको म्हणले. हात चालतोय म्हणतात. हाताला डोळे असतात म्हणतात." आईनं पातेलं पालथं घातलं. "तू तरी काय करणार हाईस?"

प्रियदर्शनी उठली. ती परत दुकानात आली. तातेराव प्रेमदासच्या ट्रॉलीचा दांडा जोडायला बसले होते. ट्रॅक्टरच्या हुकात अडकतो तो पुढचा दांडा जुना होऊन चिरला होता. "धर गं जरा," ते म्हणाले, आणि तिनं दुसरं टोक धरून ठेवलं. वेल्डिंगच्या उजेडापासून तोंड वळवून ती उभी राहिली तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: आर्मचं आता कसं करायचं.

रात्री आणि दुसऱ्या दिवशी तिनं सगळा नकाशा मोडून पुन्हा आखला. जाड पट्ट्या, घड्या घातलेल्या कडा, आणि सगळीकडं बोल्ट. चौकट जड होणार होती, गाडीचा चपळपणा थोडा जाणार होता. गेला तर जाऊ दे. काय बोलायचं तेही तिनं ठरवून ठेवलं.

संध्याकाळी तातेरावांनी कागद हातात घेतले. ते दिव्याखाली गेले, कागद नाकाजवळ धरून बोट फिरवू लागले. पहिला कागद, दुसरा, मग तिसरा. पुन्हा पहिला.

"बाण कुठं हाय?"

"ह्याच्यात लागत न्हाई, बाबा. बोल्टनं बांधलं की एखादा भाग बदलायला सोपं जातं. मोठ्या गाड्यांत बी असंच करतात."

"व्हय," तातेराव म्हणाले. "सोपं जातं. बराबर."

त्यांनी कागदांच्या कडा जुळवल्या, परत जुळवल्या.

"कापलेला जोड आतून कसा होता?"

तिची नजर भंगाराच्या ढिगाकडं गेली.

"दोन्ही तसेच होते?"

तिनं मान हलवली. त्यांना ती दिसली की नाही हे तिला कळलं नाही, म्हणून ती हळूच म्हणाली, "व्हय."

बाहेर ट्रॅक्टर थांबला. प्रेमदास ट्रॉली न्यायला आला होता. "रंग सुकला का, मिस्त्री? उद्या कळमनुरीला वऱ्हाड न्यायचं हाय. बायका आत्तापासूनच जागा धरून राहिल्या."

तातेराव ट्रॉलीपाशी गेले आणि दांड्यावर तळवा ठेवून उभे राहिले.

"प्रेमदास, ही नेऊ नका. जोड कच्चा हाय."

"गंमत करून राहिले का?"

"न्हाई. कळमनुरीला माझ्या वळखीचा एक हाय, त्याला फोन करतो. आजच्या आज करून देईल. तवर रिकामी न्या, हळू न्या. माणूस बसवू नका."

"कालच तर केला तुमी!"

"म्हणूनच सांगून राहिलो."

प्रेमदास कुरकुरत ट्रॅक्टर जोडू लागला. तातेराव प्रियदर्शनीकडं वळले. आवाजात राग नव्हता.

"काल ह्याचं टोक तूच धरलं होतंस ना, पोरी?"

तिला तो दांडा आठवला, हाताला जाणवलेली त्याची धग आठवली. या दांड्यामागं उद्या माणसं बसणार आहेत, हे काल तिच्या मनाला शिवलंही नव्हतं.

"मला सुचलंच न्हाई, बाबा."

"मला तरी कुठं सुचलं."

प्रेमदास गेला. तातेराव रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. "दिवाळीपासून लई ट्रॉल्या गेल्या इथून," ते पुटपुटले. "वसमतला गेल्या, तांड्यावर गेल्या. कोणाकोणाला सांगायचं?"

हळद काढून परतणाऱ्या बायकांनी भरलेली एक ट्रॉली लांबून येत होती. पोरं ट्रॉलीच्या काठावर बसून पाय हलवत होती. दुकानाजवळ येताच कोणीतरी ओरडलं, "रामराम मिस्त्री!" तातेरावांनी हात वर केला. खड्ड्यात ट्रॉली दणकली, आतल्या बायका हसत एकमेकींवर कलंडल्या.

बांधणाऱ्याचं नाव ट्रॉलीच्या मागच्या फळीवर रंगवलेलं असतं.

"आपली हाय का ती?" तातेरावांनी विचारलं.

ट्रॉली अजून पुढं सरकायची होती, मागची फळी प्रियदर्शनीलाही दिसत नव्हती.

"न्हाई, बाबा," ती म्हणाली.