पदरातले दोन धागे

माझे वडील जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, आणि आम्ही तिथल्याच वसाहतीत राहायचो. रोज सुटताना फाटकावर डबा उघडून दाखवायचा, मगच बसमध्ये चढायचे. अशा वसाहतीत वाढलेल्या मुलीला संशय शिकवावा लागत नाही. माझ्या सासूबाई सुमित्राबाई तर म्हणतात, "आमच्या तेजस्विनीले दुधातबी काळं दिसते."

म्हणून आंधळगावच्या आमच्या घरी विणलेल्या कोसा रेशमाच्या साड्या परत येऊ लागल्या, तेव्हा पहिला वास मलाच आला. नागपूरच्या व्यापाऱ्याने एक पाठवली, मग दुसरी, मग आणखी. प्रत्येकीच्या पदरात फूल नीट उमललेले, आणि मध्येच दोन धागे वाट चुकलेले.

आमचा माग हातानेच चालतो, पण कुठला धागा कधी उचलायचा हे कॉम्प्युटर सांगतो. सकाळी नक्षी त्याच्या मेमरीत चढते आणि दिवसभर तिथेच बसते. माझे यजमान हेमराज यांनी नक्षीची फाइल उघडून पडद्यावर मोठी करून पाहिली. एकही ठिपका चुकलेला नव्हता.

"म्हंजे कोनीतरी दिवसा बदलवते, अन् मंग जसंच्या तसं करून ठेवते," ते म्हणाले.

आम्ही दोघांनीही नाव घेतले नाही. पण दोघांची नजर एकाच वेळी मागावर बसलेल्या मामाजींकडे गेली.

मामाजी म्हणजे नंदलाल, माझे सासरे. इकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात. या घराची जुनी रीत अशी, की प्रत्येक साडीच्या पदरात एक धागा मुद्दाम चुकवायचा. सगळे बिनचूक झाले की दृष्ट लागते म्हणे. कॉम्प्युटर आला तेव्हा हेमराजांनी ती रीत बंद केली, आणि मामाजी कित्येक दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. कारण होते, राग होता आणि दिवसभर त्या मागावर तेच बसायचे. कुंपणानेच शेत खाल्ले, दुसरे काय?

हेमराजांनी वडिलांपुढे साडी पसरली. "बाबा, हे काय होय?"

मामाजींनी चष्मा वर करून पाहिले. "मी त्या कॉम्प्युटरच्या डब्ब्याले हात लावला असन तं मायी बोटं झडोत. अन् दोन? दोन कायले सोडीन मी? दृष्टीले एकच लागते."

"आता बस करा बाबा. सोमवारपासून मंगरू बसन मागावर. तुमी आराम करा."

मंगरू शेजारच्या मागावर बसणारा आमचा विणकर. मामाजींनी ती साडी नीट घडी करून ठेवली आणि ते पुन्हा मागावर जाऊन बसले. मला वाईट वाटले. पण संशय काही गेला नाही. उलट एक गोष्ट मनात अडकून बसली: या माणसाने शपथ फक्त डब्ब्याची घेतली, धाग्याची नाही.

आणि दुसरी गोष्ट, ते दोन.

मी परत आलेल्या सगळ्या साड्या काढून पलंगावर टाकल्या. कुठेही एक धागा चुकलेला नव्हता. जिथे चूक तिथे दोनच, आणि ते दोन बोटाच्या पेरभर अंतरात. माणूस काय मोजून चुकतो?

मी घरूनच एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते, त्यामुळे आमचा कॉम्प्युटर कसला आहे हे मला ठाऊक होते. नागपूरच्या एका दुकानातून आणलेला तो जुना सर्व्हर. असल्या यंत्राच्या मेमरीला स्वतःची चूक पकडता येते. ती चौसष्ट खुणांचा एक गठ्ठा धरते, आणि आमच्या मागावर एक खूण म्हणजे एक धागा. गठ्ठ्यात एक खूण उलटी झाली तर मेमरी गुपचूप सुलटी करते. दोन झाल्या तर तिला सुधारता येत नाही, ती फक्त ओरडते. ते ओरडणे ऐकायचे काम कर्नलचे, म्हणजे सगळ्या यंत्राचा कारभार पाहणाऱ्या प्रोग्रामचे.

आमच्या कर्नलने मात्र आजवर चकार शब्द काढला नव्हता. कधीच तक्रार न करणाऱ्या माणसावर माझा भरवसा बसत नाही, मग यंत्रावर कसा बसावा? सुरू होतानाच्या सूचना उघडून पाहिल्या. तिथे कुणीतरी एक ओळ घालून ठेवली होती: मेमरीच्या तक्रारी ऐकू नकोस. घरात ही ओळ लिहिता येणारी मी एकटीच, आणि मी लिहिली नव्हती. झिजलेली मेमरी खपावी म्हणून त्या दुकानदाराने कर्नलच्या कानात बोळे घातले होते!

मी ती ओळ काढून टाकली. वर सांगून ठेवले, की न सुधारणारी चूक दिसली तर यंत्र थांबव.

रविवारी मामाजी मागावर बसले. त्यांचा शेवटचा दिवस. मी हेमराजांना हात धरून पडद्यासमोर बसवले. थोड्या वेळात अक्षरे उमटली: एक चूक सुधारली, मेमरीची तिसरी खाच. मग पुन्हा, तिसरी खाच.

"सुधारली म्हंते नं? मंग काय?" हेमराज म्हणाले.

"थांबा जरा."

दुपारी जेवणाआधी माग अर्ध्या फुलावर थांबला. पडद्यावर लिहिले होते: दोन खुणा चुकल्या, सुधारता येत नाही, तिसरी खाच.

मामाजींनी दोन्ही हात मागावरून वर उचलले. पोलिसापुढे उचलावेत तसे. "हेमराज, मी नाई काई केलं बाप्पा."

हेमराजांना मान वर करता येईना. शेवटी ते उठले आणि त्यांनी वडिलांचे हात आपल्या हातांनी खाली आणले. "तुमी नाई, बाबा. थो डब्बाच खोटा निंगाला."

तिसऱ्या खाचेतली मेमरीची पट्टी बदलली. सोमवारी मंगरू आपल्याच मागावर बसला, आणि मामाजी त्यांच्या.

नवी साडी उतरली तेव्हा हेमराजांनी पदर उजेडात धरून पाहिला आणि हसले. मग मीही पाहिला. सवय कुठे जाते? आतल्या काठाजवळ, फुलाच्या देठाला, एक धागा खाली राहिला होता. एकच. पडद्यावर कसलीही तक्रार नव्हती. ते काम बोटाचे होते, डब्ब्याचे नव्हते.

मान वर केली तर मामाजी माझ्याकडेच बघत होते. त्यांचा हात मागावर थबकलेला होता.

"काहून, सापडलं काई?" हेमराजांनी विचारले.

"तुम्हाला सापडलं?"

"नाई."

"मग घडी घाला," मी म्हटले.

मामाजींनी धोटा फेकला आणि माग पुन्हा सुरू झाला.